दोन कंपन्यांच्या गाड्या, पण सांगाडा एकच? जाणून घ्या कसं

छोटी गाडी स्वस्त ठेवायची, तर खर्च वाटून घ्यावा लागतो. म्हणून कंपन्या प्लॅटफॉर्म, इंजिन आणि गिअरबॉक्स वाटून वापरतात. प्लॅटफॉर्म म्हणजे गाडीचा खालचा पाया.

महाराष्ट्रातलं उदाहरण
पुणे जिल्ह्यातल्या रांजणगावच्या टाटा-फियाट संयुक्त कारखान्यातलं १.३ लिटर डिझेल इंजिन टाटा इंडिका व्हिस्टात होतं आणि फियाट पुंटोतही. याच फियाट इंजिनावर परवाना घेऊन मारुतीची डिझेल स्विफ्टही धावली.

प्लॅटफॉर्मही एकच
रेनो क्विड (२०१५) आणि डॅटसन रेडी-गो (२०१६) चेन्नईजवळ एकाच सीएमएफ-ए प्लॅटफॉर्मवर बनल्या. ८०० सीसी इंजिन आणि पाच गिअरचा गिअरबॉक्सही सामायिक. २०२२ मध्ये डॅटसन भारतातून बंद झाली. सर्व्हिस आणि सुटे भाग पुरवत राहू, असं निसाननं तेव्हा सांगितलं.

सेकंड-हँड घेताना काय पाहाल?
सामायिक इंजिन म्हणजे त्याची माहिती असलेले मेकॅनिक जास्त. पण बंपर, हेडलाइट, दरवाजे वेगळे असतात. म्हणून इंजिनासोबत बॉडीचे भाग मिळतात का, हे सौद्याआधीच विचारा. सुटा भाग घेताना गाडीचं नाव नव्हे, पार्ट नंबर जुळवा.