कलाचौर्याचा इतिहास आणि पडद्यावरील विनोद : 'चायनीज झोडियाक' (२०१२) या चित्रपटाचे ऐतिहासिक परीक्षण

प्रास्ताविक

लोकप्रिय चित्रपट हे इतिहासाचे साधन मानावे की नाही, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. तथापि सामान्य प्रेक्षकाच्या मनातील भूतकाळाची प्रतिमा पाठ्यपुस्तकांपेक्षा पडद्यावरून अधिक घडते, हे नाकारता येत नाही. म्हणूनच एखादा चित्रपट ऐतिहासिक घटनेचा आधार घेतो, तेव्हा त्याने काय सांगितले याबरोबरच काय गाळले हेही तपासणे आवश्यक ठरते. जॅकी चॅन याने दिग्दर्शित केलेला व प्रमुख भूमिका केलेला 'चायनीज झोडियाक' हा चित्रपट डिसेंबर २०१२ मध्ये प्रदर्शित झाला. १९८६ व १९९१ मधील 'आर्मर ऑफ गॉड' मालिकेतील हा तिसरा चित्रपट होय. चीनमध्ये त्याने मोठे व्यावसायिक यश मिळविले; समीक्षकांचे मत मात्र संमिश्र राहिले. लुटलेल्या चिनी कांस्यशीर्षांच्या चोरीभोवती रचलेला हा विनोदी गुन्हेपट ज्या इतिहासावर उभा आहे, त्या इतिहासाच्या संदर्भात त्याचे परीक्षण करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

बीजिंगच्या वायव्येस असलेल्या युआनमिंगयुआन या राजोद्यानाची उभारणी अठराव्या शतकाच्या प्रारंभी सम्राट कांगशीच्या काळात सुरू झाली. पुढे सम्राट छियेनलुंगने त्यात युरोपीय शैलीचे महाल बांधविले. त्यांच्या रचनेत ज्युसेप्पे कास्तिल्योने हा इटालियन जेझुइट चित्रकार, तर कारंज्यांच्या यंत्ररचनेत मिशेल बनुआ हा फ्रेंच जेझुइट प्रमुख होता. येथील हैयानथांग महालासमोर जलघटिका होती. मानवी देह व प्राण्यांची कांस्यशीर्षे असलेल्या बारा मूर्ती तेथे बसविल्या होत्या. उंदीर, बैल, वाघ, ससा, ड्रॅगन, सर्प, घोडा, मेंढी, माकड, कोंबडा, कुत्रा व डुक्कर हे चिनी कालगणनेतील बारा प्राणी. दर दोन तासांनी एकेका मूर्तीच्या मुखातून पाणी उडे आणि मध्यान्ही सर्व मुखांतून एकाच वेळी धारा सुटत. चिनी कालगणना, युरोपीय यंत्रविद्या व मांचू सम्राटाची हौस यांचा असा संयोग या शिल्पांत झाला होता.

दुसऱ्या अफूयुद्धाच्या अखेरीस, ऑक्टोबर १८६० मध्ये, फ्रेंच व ब्रिटिश सैन्याने हे उद्यान लुटले. वाटाघाटींसाठी गेलेल्या तुकडीतील काहींचा चिनी कैदेत छळ होऊन मृत्यू झाला होता. मृतांत 'द टाइम्स'चा बातमीदार थॉमस बाउल्बी तसेच काही हिंदी स्वारही होते. त्याचा सूड म्हणून लॉर्ड एल्गिनच्या आज्ञेने १८ ऑक्टोबरपासून महाल जाळण्यात आले. हाच एल्गिन १८६२ मध्ये हिंदुस्थानचा व्हाइसरॉय झाला आणि १८६३ मध्ये धरमशाला येथे मरण पावला. अथेन्सच्या पार्थेनॉनमधील शिल्पे इंग्लंडला नेणारा एल्गिन हा त्याचा पिता. या युद्धाचा हिंदुस्थानशी असलेला संबंध येथेच संपत नाही. मोहिमेत हिंदी पलटणी होत्या आणि ज्या व्यापारासाठी चीनची दारे बळाने उघडण्यात आली, त्यातील माळव्याची अफू मुंबई बंदरातून जात असे.

लूट आणि लिलाव

लुटीची जी व्यवस्था ब्रिटिश छावणीत लावण्यात आली, ती या विषयाच्या दृष्टीने विशेष महत्त्वाची आहे. सेनापती होप ग्रँट याने सैनिकांच्या हाती आलेल्या वस्तू गोळा करवून त्यांचा छावणीतच लिलाव केला आणि आलेली रक्कम हुद्द्यानुसार वाटून दिली. म्हणजे लुटीचा माल काही दिवसांतच हिशेबी मालमत्ता बनला. महालात सापडलेले एक छोटे कुत्रे राणी व्हिक्टोरियाला भेट देण्यात आले व त्याचे नाव 'लूटी' ठेवण्यात आले. आपल्याकडील 'लूट' हा शब्द इंग्रजीत किती सहज रुळला होता, याचे हे बोलके उदाहरण होय. १८६१ मध्ये व्हिक्टर ह्यूगोने एका पत्रात या कृत्याचा तीव्र निषेध केला. परंतु लिलावाने वस्तूंना दिलेली वैधता त्यामुळे ढळली नाही.

पुढे १४० वर्षांनी हाच लिलावाचा हातोडा पुन्हा चर्चेत आला. २००० साली हाँगकाँगमध्ये बैल, माकड व वाघ यांची शीर्षे विक्रीस निघाली. ती मागे घ्यावीत, ही चिनी शासनाची विनंती लिलावगृहांनी मानली नाही. अखेर पॉली या सरकारी उद्योगसमूहाने सुमारे ३ कोटी १० लाख हाँगकाँग डॉलर मोजून ती विकत घेतली. त्यातील सर्वांत महाग वाघाचे शीर्ष १ कोटी ५४ लाखांना गेले होते. सात वर्षांनी, २००७ मध्ये, मकाऊचे उद्योगपती स्टॅन्ली हो यांनी घोड्याच्या शीर्षासाठी ६ कोटी ९१ लाख हाँगकाँग डॉलर दिले. देशभक्तीच्या भावनेने केलेली प्रत्येक खरेदी पुढच्या विक्रेत्याची अपेक्षा वाढवीत होती, असे या आकड्यांवरून दिसते.

चित्रपटातील मांडणी

चित्रपटाचा नायक पैशासाठी काम करणारा चोर आहे. कलावस्तू व त्यांच्या हुबेहूब प्रतिकृती यांचा धंदा करणारी एक कंपनी त्याला उरलेली शीर्षे शोधून आणण्याचे काम देते. या कल्पनेत उत्तम विनोदाचे बीज होते. चोर, संग्राहक, लिलावगृह व राष्ट्र हे चारही पक्ष एकाच वस्तूवर हक्क सांगतात आणि अस्सल व नक्कल यांतील सीमा कंपनीच्या कारखान्यात पुसली जाते. परंतु चित्रपट हे बीज रुजू देत नाही. फ्रान्समधील वाड्यापासून समुद्री चाच्यांच्या बेटापर्यंत तो धावपळ व कसरती यांत रमतो. इतिहास येतो तो केवळ एका देशाभिमानी तरुणीच्या भाषणांतून. अखेरीस लोभी नायकाचे हृदयपरिवर्तन होते आणि ज्वालामुखीवर झेप घेऊन तो ड्रॅगनचे शीर्ष वाचवितो. कसरतींतील कौशल्य निर्विवाद आहे. मात्र विनोद व इतिहास हे दोन्ही एकमेकांपासून अलग पडतात.

गाळलेल्या बाबीही लक्षणीय आहेत. १७७४ मध्ये बनुआच्या मृत्यूनंतर कारंज्यांची यंत्रणा निकामी होत गेली. शीर्षे नेमकी १८६० मध्येच हलविली गेली, याचा प्रत्यक्ष पुरावा नसल्याकडेही काही अभ्यासकांनी लक्ष वेधले आहे. १९०० नंतर उद्यानाच्या अवशेषांतील दगड व लाकूड स्थानिक लोक, सैनिक व सरदार यांनीही नेले. यामुळे परकीय आक्रमकांचा अपराध कमी होत नाही. पण विध्वंसाची कहाणी चित्रपट दाखवितो तितकी एकरेषीय राहत नाही.

वास्तवातील उपरोध

चित्रपटाला जे साधले नाही, ते प्रत्यक्ष घटनांनी आधीच साधले होते. फेब्रुवारी २००९ मध्ये पॅरिस येथे ईव्ह सँ लोराँ व पिएर बेर्जे यांच्या संग्रहातील उंदीर व ससा यांची शीर्षे लिलावात निघाली. विक्री थांबविण्याची मागणी फ्रेंच न्यायालयाने फेटाळली. त्साय मिंगछाओ या चिनी संग्राहकाने प्रत्येकी १ कोटी ४० लाख युरोंची सर्वोच्च बोली लावली आणि नंतर पैसे देण्यास नकार दिला. लिलावाचे सर्व नियम पाळल्याचा देखावा करून त्याने लिलावाच्याच वैधतेवर बोट ठेवले. १८६० मध्ये छावणीतील ज्या हातोड्याने लूट मालमत्ता बनली, तोच हातोडा येथे हास्यास्पद ठरला.

दुसरे उदाहरण कलावंत आय वेइवेइ यांचे. त्यांनी २०१० मध्ये बाराही शीर्षांच्या भव्य प्रतिकृती घडविल्या. मूळ शिल्पांच्या रचनेत युरोपीय हात असताना ती चिनी अस्मितेची प्रतीके कशी ठरली, आणि अस्सल व नक्कल यांत भेद कोणता, हे प्रश्न त्यांनी उपस्थित केले. मे २०११ मध्ये न्यूयॉर्कला या शिल्पसमूहाचे अनावरण झाले, तेव्हा ते स्वतः चीनमध्ये स्थानबद्ध होते. प्रतिकृतींचा विषय चित्रपटाच्याही केंद्रस्थानी आहे. तेथे मात्र तो केवळ खलनायकाच्या धंद्याचा तपशील ठरतो.

समारोप

चित्रपट प्रदर्शित झाल्यानंतर काही महिन्यांनी, जून २०१३ मध्ये, फ्रेंच उद्योगपती फ्रान्स्वा पिनो यांच्या कुटुंबाने उंदीर व ससा यांची शीर्षे चीनला भेट दिली. लिलावगृह ख्रिस्टीज हे पिनो यांच्याच मालकीचे असून त्याच वर्षी त्याला चीनमध्ये स्वतंत्र व्यवसायाचा परवाना मिळाला होता. घोड्याचे शीर्ष २०१९ मध्ये स्टॅन्ली हो यांच्याकडून राष्ट्राला मिळाले. अशा प्रकारे सात शीर्षे परतली. त्यांतील एकही शीर्ष चोराच्या झेपेने किंवा न्यायालयाच्या निकालाने आले नाही. सर्व खरेदीतून अथवा देणगीतून आली. सांस्कृतिक वस्तूंविषयीचा १९७० चा युनेस्को करार पूर्वलक्षी नसल्यामुळे वसाहतकालीन लुटीस लागू होत नाही, हे यामागील प्रमुख कारण होय.

लुटलेली वस्तू विकत घेऊन परत आणणे म्हणजे लुटीला मान्यता देणे ठरते काय, हा या इतिहासातील मूळ प्रश्न आहे. वसाहतवादाचा अनुभव घेतलेल्या प्रत्येक समाजापुढे तो उभा आहे. 'चायनीज झोडियाक' निराशा करतो तो याच ठिकाणी. ज्या बाजारावर हसावयाचे, त्यालाच तो पाठलागाची पार्श्वभूमी बनवितो आणि शीर्ष हाती येताच प्रश्न सुटला असे मानतो. अध्यापनात मात्र त्याचा उपयोग होऊ शकेल. १८६० चा छावणीतील लिलाव व २००९ चा पॅरिसमधील लिलाव यांच्या जोडीने हा चित्रपट विद्यार्थ्यांपुढे ठेवल्यास, पडद्यावरील विजय कोणता प्रश्न झाकतो, हे त्यांना स्वतःच शोधता येईल.