कुरेनाई (गाणे)

'कुरेनाई' (अर्थ: गडद लाल रंग) हे एक्स या जपानी रॉक बँडचे एकल गीत आहे. सीबीएस/सोनी कंपनीने ते १ सप्टेंबर १९८९ रोजी प्रकाशित केले. गीत व संगीत बँडचे ड्रमवादक योशिकी यांचे, तर गायन तोशी यांचे आहे. हा बँड १९९२ पासून एक्स जपान या नावाने ओळखला जातो.

निर्मिती

योशिकी यांच्या एक्स्टसी रेकॉर्ड्सने काढलेल्या 'व्हॅनिशिंग व्हिजन' (१९८८) या अल्बममध्ये हे गाणे होते; तेव्हा त्याचे शब्द बहुतांशी इंग्रजी होते. 'ब्लू ब्लड' (एप्रिल १९८९) या अल्बमसाठी ते मुख्यतः जपानी शब्दांत पुन्हा ध्वनिमुद्रित झाले. एकल आवृत्तीच्या आरंभी तंतुवाद्यांचे संगीत आहे. संथ गिटार व गायनानंतर गाणे अकस्मात अतिद्रुत लयीत शिरते.

प्रकाशन व प्रभाव

मोठ्या कंपनीने प्रकाशित केलेले हे बँडचे पहिले एकल गीत. ओरिकॉनच्या साप्ताहिक यादीत ते पाचव्या क्रमांकापर्यंत पोहोचले. त्यामुळे हेवी मेटल शैलीतील ही रचना सर्वसामान्य श्रोत्यांपर्यंत गेली. जपानमधील शालेय बेसबॉल सामन्यांत वाद्यवृंद खेळाडूंना प्रोत्साहन देण्यासाठी आजही तिची धून वाजवतात.