शपथ, समन्स आणि जानेवारीतली द्राक्षे

इंग्रजीतल्या अद्भुतकथांत आणि त्यांवर बेतलेल्या खेळांत जादूगाराच्या दोन क्रिया आज वेगळ्या मानल्या जातात: 'कॉन्जुरिंग' म्हणजे जवळ नसलेली वस्तू शून्यातून उत्पन्न करणे, आणि 'समनिंग' म्हणजे दुसरीकडे अगोदरच असलेल्या वस्तूला किंवा जीवाला आपल्यापुढे हजर करणे. भेद सुटसुटीत आहे, पण तो फार जुना नाही. मध्ययुगीन मंत्रविद्येत पहिला शब्द साधनाचा होता आणि दुसऱ्या शब्दातली क्रिया हे त्या साधनाचे फळ होते. शिवाय दोन्ही शब्दांचे मूळ मंत्रतंत्रात नसून शपथ आणि न्यायासन यांच्या व्यवहारात सापडते.

'कॉन्जुअर'च्या मुळाशी असलेल्या लॅटिन 'कोन्युरारे' या क्रियापदाचा अर्थ एकत्र शपथ घेणे असा आहे, आणि इसवी सनापूर्वी ६३ मध्ये रोममध्ये उघडकीस आलेल्या कॅटिलाइनच्या कटाला सॅलस्ट हा इतिहासकार याच धातूपासून बनलेले नाव देतो, कारण कट करणारे परस्परांशी शपथेने बांधलेले असतात. पुढे ख्रिस्ती चर्चच्या भाषेत या क्रियापदाची दिशा बदलली. शपथ स्वतः घेण्याऐवजी ती दुसऱ्याला, विशेषतः अंगात शिरलेल्या पिशाच्चाला, ईश्वराच्या नावाने घातली जाऊ लागली. मराठीत 'शपथ घेणे' आणि 'शपथ घालणे' यांत जे अंतर आहे, तेच हे अंतर होय. 'माझ्या गळ्याची शपथ आहे' असे म्हणून रुसलेल्या नातवाला पानावर बसवणारी आजी व्याकरणाच्या दृष्टीने पाहता 'कॉन्जुरेशन'च करत असते. पिशाच्च काढण्याच्या विधीचे 'एक्सॉर्सिझम' हे नावही शपथ या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून आले आहे. त्यामुळे भूत काढणारा धर्मगुरू आणि भूत बोलावणारा मांत्रिक यांची हत्यारे एकच होती, एकाला ते घालवायचे असे आणि दुसऱ्याला आणायचे असे, एवढाच काय तो फरक.

'समन' या शब्दाचा प्रवास याहून सरळ आहे. आडून सुचवणे या अर्थाचा लॅटिन शब्द जुन्या फ्रेंचमधून इंग्रजीत आला, तो अधिकाराने बोलावणे या अर्थी स्थिरावला आणि न्यायालयात हजर राहण्याच्या हुकुमासाठी रूढ झाला. मराठीत आजही बजावला जातो तो 'समन्स' याच कुळातला. न्यायासनाचा हा वास पिशाच्चांच्या कथांना फार पूर्वीपासून आहे. 'शलमोनाचा करार' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या, इसवी सनाच्या आरंभीच्या शतकांतल्या ग्रीक ग्रंथात यरुशलेमच्या मंदिराच्या बांधकामावर राबणारा एक मुलगा दिवसेंदिवस खंगत जातो, कारण ऑर्नियास नावाचे पिशाच्च रोज संध्याकाळी येऊन त्याची निम्मी मजुरी आणि निम्मे अन्न नेते व त्याचा अंगठा चोखते. शलमोन राजा त्या मुलाच्या हाती देवदूताकडून मिळालेली मुद्रेची अंगठी देतो आणि पिशाच्च येताच ती त्याच्या छातीवर फेकून 'राजाने बोलावले आहे' असे सांगायला लावतो. मुलगा बेलिफाचे काम चोख करतो, पिशाच्च मुकाट्याने दरबारात येते आणि शेवटी मंदिराचे दगड घडवण्याच्या कामाला लागते.

सतराव्या शतकात इंग्रजीत संकलित झालेल्या 'लेमेगेटन' या मंत्रग्रंथाच्या पहिल्या भागात, म्हणजे 'गोएशिया'त, ही कार्यपद्धती पुरती दप्तरी झालेली दिसते. मांत्रिकाने नऊ फूट रुंदीच्या वर्तुळात उभे राहायचे आणि ७२ पिशाच्चांपैकी ज्याला बोलवायचे त्याने वर्तुळापासून दोन फुटांवर आखलेल्या त्रिकोणात प्रकट व्हायचे, अशी मांडणी या ग्रंथात आहे. पहिल्या शपथेने ते आले नाही तर दुसरी, मग त्याच्या वरिष्ठाकडे तक्रार आणि तरीही दाद न मिळाल्यास दंड, अशा पायऱ्या ठरलेल्या असत. दंडाची तऱ्हा मराठी वाचकाची करमणूक करील अशी आहे: पिशाच्चाची मुद्रा काळ्या पेटीत गंधक आणि हिंगासह घालून, पेटी लोखंडी तारेने बांधून तलवारीच्या टोकाला लटकवायची आणि कोळशाच्या विस्तवावर धरायची. हिंग येथे दुर्गंधी वस्तू म्हणून आले आहे, आणि रोजच्या फोडणीत ते घालणाऱ्यांना यातला जाच कदाचित पटणार नाही. काम झाल्यावर पिशाच्चाला जाण्याची रीतसर परवानगी देणे हाही विधीचाच भाग होता. पूजेत आवाहनानंतर विसर्जन येते, तसाच हा क्रम, मात्र येथे भावना भक्तीची नसून अंमलबजावणीची आहे.

या सगळ्यात वस्तू शून्यातून निर्माण करण्याला जागाच नव्हती, आणि त्यामागे धर्मशास्त्राचे कारण होते. शून्यातून निर्मिती हा केवळ ईश्वराचा अधिकार असल्याने पिशाच्चांना तो असणे शक्य नव्हते. मग बायबलमधल्या फारोच्या जादूगारांनी काठ्यांचे साप कसे केले, हा प्रश्न संत ऑगस्टीनने पाचव्या शतकात आणि थॉमस अक्वायनसने तेराव्या शतकात हाताळला. सृष्टीच्या पदार्थांत काही सुप्त बीजे असतात, पिशाच्चे अतिशय वेगाने हालचाल करून ती बीजे एकत्र आणतात आणि एरवी हळूहळू घडणारे कार्य घाईने घडवतात, असे त्यांचे स्पष्टीकरण होते. आणि जेथे हेही शक्य नसेल तेथे उरते ती निव्वळ नजरबंदी. म्युनिकच्या ग्रंथालयात असलेल्या पंधराव्या शतकातल्या एका लॅटिन मंत्रहस्तलिखितात याचा नमुना सापडतो: ओसाड जागी दूध आणि मध शिंपडून पिशाच्चांना बोलवायचे आणि तटबंदीसह किल्ला उभा राहिल्याचा आभास त्यांच्याकडून करवून घ्यायचा. पाहणाऱ्याला जी निर्मिती वाटते ती करणाऱ्याच्या लेखी पाचारण असते, आणि किल्ला हे त्या पाचारणाचे दृश्य फळ.

ख्रिस्तोफर मार्लो याच्या 'डॉक्टर फॉस्टस' या नाटकाने, जे १५८८ ते १५९२ च्या सुमारास लिहिले गेले असे मानले जाते, या तत्त्वाला रंगमंचावर आणले. त्यात एका गरोदर डचेसला भर जानेवारीत पिकलेल्या द्राक्षांचे डोहाळे लागतात. नाटकाचा नायक, मांत्रिक फॉस्टस, याच्या सांगण्यावरून त्याच्या सेवेतला पिशाच्च मेफिस्टोफिलिस द्राक्षे आणून देतो, आणि ड्यूक आश्चर्याने विचारतो तेव्हा फॉस्टस चमत्काराचा बडेजाव न करता भूगोल सांगतो: येथे हिवाळा असतो तेव्हा पृथ्वीच्या दुसऱ्या बाजूला उन्हाळा असतो, आणि तिथून एका चपळ पिशाच्चाकरवी त्याने ती मागवली. दुसऱ्या बाजूची उदाहरणे देताना तो हिंदुस्थानचेही नाव घेतो, जे भूगोल म्हणून चूक आहे, कारण हिंदुस्थान आणि नाटक जिथे घडते तो जर्मनी एकाच गोलार्धात आहेत; परंतु आजच्या परिभाषेत ज्याला कॉन्जुरिंग म्हटले जाईल त्याचा खुलासा नाटककार वाहतुकीने करतो, ही गोष्ट महत्त्वाची आहे. याच नाटकात मेफिस्टोफिलिस फॉस्टसला असेही ऐकवतो की तो शपथेच्या जोरावर आलेला नसून ईश्वराची निंदा कानी पडल्यामुळे, एक आत्मा हाती लागेल या आशेने, आपणहून आला आहे. समन्सला हजर झालेला पक्षकारच जर समन्स अवैध ठरवू लागला तर शपथ घालणाऱ्याच्या पांडित्याचे काय उरते, हा या नाटकातला खरा बोचरा विनोद आहे.

'कॉन्जुरेशन' या शब्दाचा अर्थ पालटण्याचे काम कायद्याने आणि जत्रेने मिळून केले. इंग्लंडमध्ये १५६३ च्या आणि १६०४ च्या कायद्यांनी दुष्ट आत्म्यांना 'कॉन्जुरेशन'ने बोलावणे हा मृत्युदंडाचा गुन्हा ठरवला होता. १७३५ च्या कायद्याने मात्र अशी शक्ती असल्याची बतावणी करणे हाच गुन्हा मानला, म्हणजे मांत्रिकाची गणना ठकात झाली. त्याआधीच, १५८४ मध्ये, रेजिनाल्ड स्कॉट याने चेटकिणींच्या छळाविरुद्ध लिहिलेल्या ग्रंथात नाणी आणि चेंडू गायब करण्याच्या हातचलाखीची उकल केली होती आणि थट्टेसाठी पिशाच्चांच्या शपथाही छापल्या होत्या. अठराव्या शतकाच्या आरंभी लंडनच्या जत्रांत आयझॅक फॉक्स हा खेळ करणारा रिकामी पिशवी वारंवार उलटी करून दाखवी आणि मग तीतून अंडी, सोन्याचांदीची नाणी बाहेर काढी. येथे शपथ नाही, पिशाच्च नाही आणि देवाचे नावही नाही. उरली ती रिकामी पिशवी आणि तीतून निघणारी वस्तू. 'कॉन्जुअरर' म्हणजे नसलेले काढून दाखवणारा, हा अर्थ अशा खेळांनी रुजवला, आणि विसाव्या शतकातल्या अद्भुतकथांना कॉन्जुरिंगचा जो अर्थ मिळाला तो मंत्रग्रंथांपेक्षा या जत्रेला अधिक जवळचा आहे.

'डंजन्स अँड ड्रॅगन्स' या १९७४ साली निघालेल्या खेळात या दोन परंपरांची गाठ पडली. १९७८ च्या नियमपुस्तकात 'कॉन्जुरेशन' आणि 'समनिंग' ही नावे तिरक्या रेघेने जोडून मंत्रांची एकच शाखा केलेली आहे. १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीत पहिला शब्द वस्तूंसाठी आणि दुसरा सजीवांसाठी असा खुलासा आला, पण तेथेही वस्तू येते ती दुसऱ्या ठिकाणाहूनच. २००३ साली सुधारलेल्या नियमांत या शाखेचे पाच पोटभाग दिसतात आणि त्यांत निर्मिती स्पष्टपणे वेगळी काढलेली आहे. बोलावण्याचेही तेथे दोन प्रकार आहेत: एकात आलेला जीव मारला गेला तरी आपल्या लोकी परत जातो आणि दिवसभरात पुन्हा सावरतो, तर दुसऱ्यात तो सदेह आलेला असल्याने खरोखर मरतो. 'गोएशिया'च्या लेखकालाही सुचले नव्हते असे हे सूक्ष्म पोटनियम आहेत.

जे. के. रोलिंग यांच्या हॅरी पॉटर मालिकेत वस्तू ओढून आणणारा 'अॅक्सिओ' मंत्र आणि हवेतून खुर्ची काढणे या दोन वेगळ्या विद्या आहेत, परंतु २००७ च्या शेवटच्या पुस्तकात हॅरीची मैत्रीण हर्मायनी एक जुना निर्बंध पुन्हा आणते: अन्न शून्यातून निर्माण करता येत नाही, ते कोठे आहे हे माहीत असेल तर बोलावता येते. हॉगवर्ट्स या जादूच्या शाळेच्या भोजनगृहातल्या रिकाम्या ताटांत मेजवानी प्रकटते, तेव्हा त्याच्या बरोबर खाली असलेल्या स्वयंपाकघरात शंभराहून अधिक घरबौने राबत असतात, आणि वरच्या चार मेजांच्या नेमक्या खाली मांडलेल्या चार मेजांवरून ते शिजवलेले अन्न वर पाठवतात.