बूस्टरचा अबोला

घरातल्या माणसाने अबोला धरला तर कारण कळायला फारसा वेळ लागत नाही. आपल्याला नाही कळलं तरी शेजारच्यांना ते माहीत असतंच. पण १९८६ साली आमच्या गाडीतल्या बूस्टरने अबोला धरला तेव्हा शेजारीसुद्धा हतबल झाले, आणि कारण शोधता शोधता मी १९३० सालच्या शिकागोला जाऊन पोचलो. अर्थात मनाने. आमची गाडी खंबाटकीच्या निम्म्यातच पाणी मागायची, तिथे शिकागो कुठलं!

बूस्टर म्हणजे लस टोचतात तो नव्हे. कॅसेट प्लेअरचा किरकोळ आवाज दणदणीत करणारा, जेवणाच्या डब्याएवढा एक पत्र्याचा डबा. तो मी घेतला आप्पांसाठी. आप्पा म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ, मुक्काम कोल्हापूर. साठीनंतर त्यांचे कान हळूहळू मिटत गेले. कानाचं यंत्र आणून दिलं, ते त्यांनी तीन दिवस लावलं आणि "यात माणसांपेक्षा शिट्ट्याच जास्त ऐकू येतात," म्हणून टेबलाच्या खणात टाकलं. लहानपणी पिटात बसून बालगंधर्व ऐकलेला हा माणूस, तेही माईकशिवाय! त्यांना पुन्हा गंधर्व ऐकवायचे तर आवाज इतका लावावा लागे, की घरात सोसायटीची तातडीची सभा भरली असती. राहता राहिली गाडी. वर्षातून चारपाचदा मी त्यांना पुण्याला आणायचो आणि परत पोचवायचो. तेवढी त्यांची मैफल.

पहिल्याच फेरीत कात्रजचा घाट चढताना, ऐन तानेत, बूस्टर गप्प झाला. मागच्या सीटवर आप्पांनी उजव्या कानाला हात लावला आणि अगदी शांतपणे म्हणाले, "गेलं वाटतं."

मला वाटलं, गाण्याबद्दल म्हणताहेत. ते कानाबद्दल म्हणत होते.

"आप्पा, कान नाही, मशीन गेलं!" मी ओरडलो. पण माझं ओरडणं त्यांना ऐकू येत असतं तर बूस्टर घेतलाच कशाला असता? शेवटी सौ.ने पेट्रोलच्या पावतीमागे "मशीन बंद" असं लिहून त्यांच्यापुढे धरलं. त्यांनी ते वाचलं आणि, घरचे समजूत घालताहेत तर घालू द्यावी, अशा चेहऱ्याने मान हलवली. शिरवळला चहा होईपर्यंत बूस्टर आपोआप सुरू झाला. खंबाटकीत पुन्हा बंद. दरवेळी आप्पांचा हात कानाकडे जायचा. ते मला आरशात दिसायचं.

कारणं सांगणाऱ्यांची आपल्याकडे वाण नाही. एकाने फ्यूज बदलायला लावला. दुसऱ्याने घाटातल्या हवेचा दाब काढला. ज्या इलेक्ट्रिशियनने तो बसवला होता त्याने हात लावून पाहिला, चटका बसल्यावर फुंकर मारली आणि निकाल दिला, "साहेब, आवाज केवढा लावता! तापणारच की." हा निकाल सर्वांना पटला. दुर्दैवाने आप्पांनाही. "माझ्यापायी बिघडतंय ते. बारीक ठेवत जा," असं म्हणून ते खिडकीबाहेर बघत बसू लागले. बारीक ठेवलेलं त्यांना काय ऐकू येणार!

मग मी बूस्टर दाखवायला गाडी घेऊन तपकीर गल्लीतल्या एका म्हाताऱ्या रेडिओवाल्या काकांकडे गेलो. त्यांनी आधी सीटखालचं जाजम ओढून काढलं. ("याला गोधडी कशाला पांघरलीत? बाळंतीण आहे का ती?") मग आवाज पार शून्यावर आणला, इंजिन चालू ठेवायला लावलं आणि चहा मागवला. पंधरा मिनिटांनी म्हणाले, "आता हात लावा." गाणं नाही, बजावणं नाही, आणि डबा इस्त्रीसारखा तापलेला!

आप्पा निर्दोष सुटले. मग गुन्हेगार कोण? काका म्हणाले, "जुनी विद्या." त्यांनी चहाबरोबर सांगितलं ते थोडं, बाकीचं मी पुढे वाचलं.

मोटारीत गाणं आणलं ते शिकागोच्या गॅल्विन बंधूंनी, निदान परवडेल अशा रूपात. १९३० साली अटलांटिक सिटीत रेडिओवाल्यांचं संमेलन होतं. पॉल गॅल्विनकडे स्टॉल घ्यायला पैसे नव्हते, म्हणून त्याने आपली गाडीच दाराशी उभी केली आणि रेडिओ मोठ्याने लावला. (आपल्याकडच्या प्रचाराच्या रिक्षांचा हा मूळपुरुष.) रेडिओचं नाव मोटोरोला, किंमत एकशेदहा ते एकशेतीस डॉलर. कर्ज मिळावं म्हणून त्याने एका बँकवाल्याच्या पॅकार्ड गाडीत रेडिओ बसवून दिला आणि अर्ध्या तासात ती गाडी पेटली, अशी गोष्ट सांगतात. कर्जाचं काय झालं असेल ते वेगळं सांगायला नको. जर्मनीत १९३२ साली ब्लाउपुंक्टचा रेडिओ आला, तो ४६५ मार्कांना, म्हणजे मोटारीच्या साधारण एक तृतीयांश किमतीला.

अडचण एकच होती, आणि ती पुढेही सुटली नाही. रेडिओच्या व्हॉल्व्हना शंभराहून अधिक व्होल्ट हवेत, आणि त्या काळच्या मोटारीची बॅटरी ६ व्होल्टची. पहिल्यांदा गाडीच्या तळाशी वेगळ्या बॅटऱ्या ठेवत. मग व्हायब्रेटर आला. एक पत्ती थरथरत राहायची, प्रवाह तोडायची, जोडायची, आणि ट्रान्सफॉर्मर त्याचे जास्त व्होल्ट करायचा. गाण्याला तंबोऱ्याऐवजी भुंग्याची साथ! १९४७ च्या डिसेंबरात बेल प्रयोगशाळेत ट्रान्झिस्टर जन्मला, १९५५ साली फिल्कोने क्रायस्लर गाड्यांसाठी संपूर्ण ट्रान्झिस्टरचा रेडिओ काढला आणि भुंगा गेला.

पण बॅटरी १२ व्होल्टची झाली ती तिथेच थांबली. बारा व्होल्टांत चार ओहमच्या स्पीकरला, साध्या जोडणीने, फार तर साडेचार वॅट मिळतात. एवढ्यात आप्पांचं काय भागणार? म्हणून हुशार लोकांनी एक युक्ती काढली. वखारीत मोठा ओंडका कापताना दोघं जण एकच करवत धरतात, एक ओढतो तेव्हा दुसरा ढकलतो. तसे स्पीकरच्या दोन तारांना दोन वर्धक जोडायचे. दाब दुप्पट, ताकद चौपट! याला ब्रिज म्हणतात. अट एवढीच, की दोन्ही मुठींना माणूस हवा. त्यातली एकही तार गाडीच्या बॉडीला लागता कामा नये.

आणि आमचा इलेक्ट्रिशियन जुन्या रेडिओंवर घडलेला! त्या जमान्यात स्पीकरला एकच तार जायची, परतीची वाट म्हणजे गाडीची बॉडी. त्याने इमानदारीने तेच केलं. एक तार बूस्टरला, दुसरी बॉडीला स्क्रूने आवळलेली. बूस्टरमधली उरलेली तार त्याने नीट टेप गुंडाळून ठेवली होती. म्हणजे करवतीची एक मूठ भिंतीला खिळा मारून ठोकलेली, आणि दुसरीकडचा गडी एकटाच जोर लावतोय! काकांनी स्पीकरच्या तारांवर मीटर लावला. आवाज शून्यावर असताना तिथेही जवळजवळ शून्य हवं. काटा सातावर गेला. गाणं नसतानाही दहाबारा वॅटची शेगडी आत पेटलेली होती.

"मग जळला कसा नाही?" मी विचारलं.

"तेच तर! स्वतःला वाचवण्यासाठी बंद पडत होता बिचारा."

ही बंद पडण्याची अक्कल चिपमध्ये घालणाऱ्यांत पहिल्या पंक्तीला बॉब विडलर हा अमेरिकन अवलिया. १९६९ च्या सुमारास व्होल्टेज स्थिर ठेवणाऱ्या एलएम ३०९ नावाच्या चिपमध्ये त्याने अशी सोय केली, की ती फार तापली की स्वतःच काम थांबवते आणि निवली की पुन्हा कामाला लागते. याच विडलरने कंपनीने माळी परवडत नाही म्हटल्यावर गवत खायला एक मेंढी आणून सोडली होती. पुढे ही सोय मोटारीतल्या वर्धकांच्या चिपमध्येही आली. पॅकार्डवाल्या बँकरला ती छप्पन्न वर्षं आधी मिळायला हवी होती. आम्ही मात्र महिनोन् महिने त्या डब्याला शिव्या देत होतो.

काकांनी बॉडीवरचा स्क्रू काढला, दाराच्या बिजागरीतून दुसरी तार ओवली आणि टेपातली तार मोकळी करून तिला जोडली. मजुरी पंधरा रुपये. चहाचे त्यांनी घेतले नाहीत.

पुढच्या फेरीला कात्रज गेला, शिरवळला चहासाठी थांबलो तरी आप्पा गाडीतून उतरेनात. खंबाटकीत आमचं इंजिन उकळलं, पण गंधर्व गात होते. साताऱ्याच्या अलीकडे एकदम खट् झालं आणि गाडीत शांतता पसरली. आरशात मला आप्पांचा हात वर येताना दिसला. तो कानापर्यंत न जाता मध्येच थांबला.

"बूस्टर?"

मी कॅसेट काढून, संपलेली बाजू त्यांना दाखवली.

"मग उलटी लाव की," आप्पा म्हणाले.