गावचा पहारा कोणाच्या मालकीचा?

१/ रायगड जिल्ह्यातील तळा तालुक्यात, तळागडाच्या पंचक्रोशीतील एखाद्या गावात चोरी झाली किंवा बेवारस प्रेत आढळले, तर ठाण्याला खबर देण्याची जबाबदारी पोलीस पाटलावर असते. तो शासनाने ठरावीक मुदतीसाठी नेमलेला, मानधनावर काम करणारा गावकरीच असतो. पण हेच पद एके काळी चक्क खाजगी मालमत्ता होते. पोलिसी अधिकार कोणाच्या मालकीचा असू शकतो का? महाराष्ट्राने हा प्रयोग काही शतके करून पाहिला आहे. 🧵

२/ या मालकीचे नाव वतन. देशावर गावचा पाटील वसूल गोळा करी, तंटे मिटवी, गुन्हेगाराला धरी. कोकणात अनेक गावांचा कारभार खोताकडे असे. हे हक्क बापाकडून मुलाकडे जात, भावाभावांत वाटले जात, प्रसंगी विकलेही जात. हिंगणी बेरडी व देऊळगावची पाटिलकी भोसले घराण्याकडे होती. दिल्लीच्या राजकारणावर हुकमत गाजवणारे महादजी शिंदेही स्वतःला पाटील म्हणवून घेत.

३/ रात्रीचा प्रत्यक्ष पहारा मात्र पाटील करीत नसे. ते काम प्रदेशाप्रमाणे महार, रामोशी, भिल्ल किंवा कोळी जागल्याकडे असे. गावात आलेला परका माणूस कोण, कोणाची चालचलणूक कशी, शीव कुठे संपते, हे सारे त्याला ठाऊक असावे लागे. मोबदला म्हणून थोडी जमीन आणि सुगीच्या वेळी गावाकडून धान्य. हेही वतनच, पण उतरंडीच्या तळाचे.

४/ या व्यवस्थेचा कणा होता भरपाईचा नियम. पेशवाई संपल्यावर माउंट स्टुअर्ट एल्फिन्स्टनने १८१९ साली जिंकलेल्या मुलुखाचा अहवाल लिहिला. त्यात त्याने हा नियम नोंदवला आहे. चोरी झाली की जागल्याने माग काढायचा. माग दुसऱ्या गावाच्या शिवेत गेला की जबाबदारी त्या गावावर. माग लागलाच नाही, तर गेलेल्या मालाची किंमत जागल्याने ऐपतीप्रमाणे भरायची आणि उरलेली साऱ्या गावाने.

५/ आजच्या भाषेत हा पहारा आणि विमा एकत्र होता. राखणदार चुकला, तर झळ त्याच्याच घराला. त्यामुळे तो जागा राही. पण चोरीचा माल परत आणण्यावर ज्याचे पोट चालते, त्याला चोराशी संगनमत करण्याचा मोहही पडू शकतो. हा धोका केवळ दख्खनचा नव्हता.

६/ त्याच सुमारास लंडनमध्ये पगारी पोलीस दल नव्हते. चोर पकडून देणारे खाजगी लोक बक्षिसावर जगत. त्यांतला सर्वांत नामांकित जोनाथन वाइल्ड चोरीचा माल मोबदला घेऊन मालकाला मिळवून देई. चोरांच्या टोळ्या त्यानेच पोसल्या होत्या, हे पुढे उघड झाले आणि १७२५ साली तो फासावर गेला. लंडनला सरकारी पोलीस दल मिळायला १८२९ साल उजाडले.

७/ मग मालक स्वतःच गुन्हेगार निघाला तर? याचे उत्तर २८ जानेवारी १६४६ च्या शिवाजी महाराजांच्या पत्रात सापडते. रांझे गावचा पाटील बाबाजी भिकाजी गुजर याने बदअंमल केला. त्याला हुजुरात आणवून चौकशी झाली, हातपाय तोडण्याची शिक्षा झाली आणि पाटिलकी जप्त झाली. पुढे तीच पाटिलकी त्याच कुळातील सोनजी गुजर याला रक्कम घेऊन देण्यात आली.

८/ या पत्राची आठवण न्यायनिष्ठेसाठी काढली जाते, ती रास्तच. पण त्यातला दुसरा धागाही पाहण्याजोगा आहे. वतनदार बदलला, वतन टिकले. पदाची मालकी मान्य होती. मात्र त्या मालकीवर हात टाकू शकेल अशी सत्ता वर बसली होती. ती नसती, तर रांझ्याच्या रयतेने दाद मागायची कोणाकडे? गावचा बंदोबस्त ज्याच्या हाती, आरोपीही तोच होता.

९/ गडांवर मात्र रीत वेगळी होती. तळागडासारख्या किल्ल्यांवर महाराजांनी हवालदार, सरनोबत, सबनीस असे पगारी अधिकारी नेमण्याचा प्रघात ठेवला. अधिकार तिघांत वाटलेला, बदली ठरलेली. गडावर चाकरी आणि गडाखाली वतन, अशा दोन व्यवस्था एकाच डोंगरावर नांदत होत्या. रामचंद्रपंत अमात्यांच्या ‘आज्ञापत्रा’ने वतनदार हे लहान लहान राजेच होत, असा इशारा पुढे दिलाच.

१०/ दुसऱ्या बाजीरावाच्या काळात याहून वाईट प्रकार रूढ झाला, तो म्हणजे इजारा. जास्त बोली लावणाऱ्याला महालाचा मामला मिळू लागला. वतनदाराला निदान त्याच गावात पिढ्यान्‌पिढ्या तोंड दाखवायचे असे. इजारदाराला मुदत संपण्याआधी गुंतवलेला पैसा वसूल करायचा असे. न्याय आणि दंड ही मग कमाईची साधने झाली. एल्फिन्स्टननेही या पद्धतीवर कठोर ठपका ठेवला आहे.

११/ इंग्रजी अंमलात किल्ल्यांची राखण सरकारकडे गेली आणि पुरंदर परिसरातील रामोशांचे जुने हक्क गेले. उमाजी नाईकांचे बंड त्यातूनच पेटले. ते आवरेना, तेव्हा सरकारने बंडखोरांना माफी देऊन पहाऱ्याच्याच चाकरीत घेतले. तो समेट टिकला नाही. उमाजींना १८३१ च्या अखेरीस पकडून पुढे पुण्यात फाशी देण्यात आले. पहारा ही ज्यांची मालमत्ता होती, त्यांच्यासाठी तिचे सरकारीकरण म्हणजे उपासमार होती.

१२/ तरीही वतन लगेच संपले नाही. मुंबई सरकारने १८६७ साली ग्रामपोलीस कायदा केला, १८७४ साली वतन कायदा केला आणि वंशपरंपरा कागदावर पक्की केली. तळाच्या वतनदारासाठी ही मालकी बेडीच होती. मूठभर धान्यावर अख्ख्या घराने अहोरात्र राबायचे, नकार दिला की बलुते बंद. म्हणून डॉ. आंबेडकरांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले.

१३/ कनिष्ठ गावकामगारांची वतने १९५८ च्या कायद्याने गेली, मुलकी पाटिलकी १९६२ च्या कायद्याने. १९६७ च्या महाराष्ट्र ग्रामपोलीस अधिनियमाने पोलीस पाटील हे निव्वळ नेमणुकीचे पद ठरवले. पद गावातच राहिले, पण ते विकता येईना, मुलाच्या नावे करता येईना.

१४/ आज सोसायट्यांच्या आणि कारखान्यांच्या दारांवर पुन्हा खाजगी पहारा उभा आहे. २००५ च्या कायद्याने खाजगी सुरक्षा संस्थेला परवाना सक्तीचा आहे. रक्षकाला पोलिसांसारखा गणवेश घालण्याची मनाई आहे. त्याचा अटकेचा अधिकार सामान्य नागरिकाइतकाच: डोळ्यांदेखत गंभीर गुन्हा घडला तर धरायचे आणि सहा तासांच्या आत पोलिसांच्या हवाली करायचे.

१५/ पहारा खाजगी असू शकतो, हे इतिहासाने दाखवले आहे. गावाने तो शतकानुशतके पोसला. पण अशा प्रत्येक व्यवस्थेला दोन प्रश्न विचारावे लागतात. राखणदार चुकला तर भरपाई कोण करतो? आणि राखणदारच चोर निघाला तर त्याला पदावरून कोण काढतो? पहिल्याचे उत्तर जुन्या गावाकडे होते. दुसऱ्याचे उत्तर शोधायला रांझ्याच्या रयतेला गावाबाहेर जावे लागले.