तेरा मार्कांचं पॅथॉलॉजी

मोहर्लीच्या गेटवर पहाटे अंधारातच जिप्स्या रांगेत लागतात. लोक ताडोब्याचा वाघ बघायला येतात आणि संध्याकाळी परत जातात. पण समजा, याच भागातली एखादी मुलगी परदेशात डॉक्टरकी शिकून घरी परतली आहे. भारतात प्रॅक्टिस करायची तर तिला २००२ पासून सुरू असलेली एफएमजीई ही परीक्षा पास व्हावी लागते. ३०० प्रश्न, पास व्हायला १५० मार्क, निगेटिव्ह मार्किंग नाही. ऐकायला सोपं वाटतं, पण गेल्या काही वर्षांत दर वेळी निम्म्याहून जास्त उमेदवार नापास होतात.

यात पॅथॉलॉजीला, म्हणजे विकृतिशास्त्राला, थेट मार्क आहेत १३. पण मेडिसिन, सर्जरी, बालरोग या सगळ्यांची मुळं तिथेच आहेत, त्यामुळे हा विषय सोडून चालत नाही. मग नेहमीचा प्रश्न येतो: जाड पुस्तक वाचायचं, नोट्स वाचायच्या, की व्हिडिओ बघायचे?

हा प्रश्न आपल्याला आजचा वाटतो. तो बराच जुना आहे.

१८५८ मध्ये बर्लिनमध्ये रुडॉल्फ फिरखो यांनी २० व्याख्यानं दिली. समोर बसले होते प्रॅक्टिस करणारे डॉक्टर, ज्यांना नवं संशोधन वाचायला वेळ नव्हता. बोललेलं लघुलिपीत उतरवून घेतलं गेलं आणि त्याचंच पुस्तक झालं. रोग पेशीत शोधायचा, हे वैद्यकाला पटवून देणारा हा ग्रंथ म्हणजे मुळात क्लासच्या नोट्सच! तेव्हा नोट्सना कमी लेखायचं कारण नाही. फक्त त्या नोट्स कुणाच्या आहेत आणि त्यामागे किती काम आहे, ते बघायचं.

पुढे १९५७ मध्ये बोस्टनच्या स्टॅन्ले रॉबिन्स यांचं पाठ्यपुस्तक आलं. आज जगभरातले विद्यार्थी ज्याला नुसतं ‘रॉबिन्स’ म्हणतात, ते हेच. ते इतकं जाड होतं की १९७१ मध्ये त्याच नावाखाली छोटं ‘बेसिक पॅथॉलॉजी’ काढावं लागलं. आपल्याकडे १९९२ मध्ये हर्ष मोहन यांचं पुस्तक आलं आणि एमबीबीएसच्या टेबलावर जाऊन बसलं. मग शिकागोच्या हुसेन सत्तार यांचे ‘पॅथोमा’ व्हिडिओ आले आणि फिरखोंची व्याख्यानं जणू पुन्हा मोबाइलवर सुरू झाली. मोठ्यातून छोटं काढायचं, छोट्यातून आणखी छोटं. प्रत्येक पिढीनं हेच केलं.

पण छोटं करताना काहीतरी गळतं. काय गळतं, ते बघायला चंद्रपूर-गडचिरोलीइतकी चांगली जागा नाही.

सिकलसेलचंच बघा. १९१० मध्ये शिकागोच्या जेम्स हेरिक यांनी विळ्यासारख्या वाकड्या लाल पेशींची पहिली नोंद छापली. तो रुग्ण होता वॉल्टर क्लेमेंट नोएल. कॅरिबियनमधल्या ग्रेनाडाहून शिकागोला दातांची डॉक्टरकी शिकायला आलेला विद्यार्थी. शिकून तो मायदेशी परतला, तिथे प्रॅक्टिस केली आणि १९१६ मध्ये वारला. परदेशी शिकून घरी परतणाऱ्या डॉक्टरच्याच रक्तात हा आजार पहिल्यांदा दिसला होता.

त्यानंतर कित्येक वर्षं पुस्तकांत हा आजार आफ्रिकी वंशाच्या लोकांचा म्हणून राहिला. भारतात निलगिरीच्या आदिवासींमध्ये तो १९५२ मध्ये नोंदला गेला. १९५८ मध्ये शुक्ल आणि सोळंकी यांनी मध्य भारतातल्या सिकलसेलबद्दल ‘लॅन्सेट’मध्ये लिहिलं. हेरिक यांच्या नोंदीनंतर तब्बल ४८ वर्षांनी! आजार काही त्या वर्षी आला नव्हता. सांधे धरून रडणारी, वारंवार पिवळी पडणारी मुलं आपल्या गावांत आधीपासून होतीच. पुस्तकात त्यांचं गाव नव्हतं, एवढंच.

असं दुसरीकडेही घडलं होतं. मुंबईत वसंत रामजी खानोलकर आणि सूर्याबाई यांनी १९४५ मध्ये आपल्या लोकांच्या सवयींतून होणाऱ्या कॅन्सरवर लिहिलं. ओठाच्या आत खैनी धरून ठेवल्यानं होणारा, कमरेला धोतर घट्ट बांधून होणारा. असे रुग्ण परदेशी पुस्तकवाल्यांच्या टेबलावर येणार नव्हते. ते इथल्याच पॅथॉलॉजिस्टनी बघायचे होते.

आज पुस्तकांत भारतातला सिकलसेल सापडतो, पण बहुधा एका ओळीत: अरब-इंडियन प्रकार, गर्भातलं हिमोग्लोबिन जास्त, म्हणून आजार सौम्य. परीक्षेत ही ओळ मार्क देईल. पण विदर्भातल्या सगळ्याच मुलांना तो सौम्य असतो असं नाही. वॉर्डात ती ओळ डोक्यात ठेवून बसलात, तर गंभीर मूल हातचं जाईल.

म्हणून मोहर्लीच्या त्या मुलीनं काय निवडावं? माझं उत्तर साधं आहे. एकच स्रोत धरा, पुस्तक असो वा व्हिडिओ, आणि तो पूर्ण संपवा. चार अर्धवट स्रोतांपेक्षा ते बरं. रोज प्रश्न सोडवा. चुकलेल्या प्रश्नासाठी मोठं पुस्तक उघडा. ते संदर्भासाठी आहे, पाठांतरासाठी नाही. आणि वहीचं एक पान आपल्या जिल्ह्यासाठी ठेवा: सिकलसेल, मलेरिया, क्षयरोग, तोंडाचा कॅन्सर. यातला एकही विषय परीक्षेबाहेरचा नाही.

त्या पानावरची पहिली ओळ ही असू द्या. सोल्युबिलिटी टेस्टमध्ये नळी गढूळ झाली आणि मागच्या कागदावरच्या रेघा दिसेनाशा झाल्या, तर रक्तात सिकल हिमोग्लोबिन आहे. पण माणूस वाहक आहे की रुग्ण, ते ही टेस्ट सांगत नाही. त्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी लागते. वाहकाला बहुधा काही त्रास नसतो. मात्र दोघं वाहक असतील, तर प्रत्येक बाळंतपणात मूल रुग्ण असण्याची शक्यता २५ टक्के.

परीक्षेत हा फार तर एका मार्काचा प्रश्न. पीएचसीत मात्र लग्न ठरलेली दोन पोरं आपापली नळी बघत समोर बसलेली असतील आणि विचारतील, “मॅडम, आता आम्ही काय करायचं?”