मदिना जियारत: जिथे बस थांबत नाही

खांदा कॉलनीतून, पनवेलमधून उमराहला जाणाऱ्यांच्या पॅकेजमध्ये मदिनेची जियारत असतेच. फजरनंतर नाश्ता करून बस निघते. कुबा, उहुद, किब्लतैन, खंदक. गाईड उर्दूत सांगत जातो आणि जोहरपर्यंत सगळे हरमला परत.

उहुदला थोडाच वेळ मिळतो. बहुतेक जण हजरत हमजा (रजि.) यांच्या कबरीच्या दिशेने सलाम करतात, खजूर घेतात, बसमध्ये बसतात. समोरची बुटकी टेकडी, जबल रुमात, मात्र नीट पाहायला हवी. इ.स. 625 मध्ये पैगंबरांनी (स.) इथे 50 तिरंदाज उभे केले होते. काही झालं तरी जागा सोडू नका, हा हुकूम होता. शत्रू पळताना दिसला, लूट दिसली आणि बरेचसे खाली उतरले. खालिद बिन वलीद तेव्हा मक्केच्या बाजूने होते. ते घोडेस्वार घेऊन मागून आले. जिंकत आलेली लढाई फिरली. टेकडी इतकी लहान असेल, हे पुस्तक वाचून कळत नाही.

हिजाज रेल्वेच्या जुन्या स्टेशनवर मात्र बस थांबत नाही. दमिश्कहून सुमारे 1,300 किलोमीटरची ही लाईन 1908 मध्ये मदिनेला पोचली. तिच्यासाठी हिंदुस्थानातल्या मुसलमानांनीही वर्गणी दिली होती. आपले हाजी तर मुंबईहून बोटीने जेद्दाला उतरायचे! ही गाडी त्यांच्या फारशी कामाची नव्हती, तरी पैसे दिले. पहिल्या महायुद्धात लाईन उखडली गेली, स्टेशन उरलं. हरमपासून ते फार लांब नाही; असरनंतर पायी जाता येतं.